देवीच्या नावाचा अर्ज

चार कॉलेजांत जाऊन एकातूनही पास न झालेल्या माणसाकडे कॉलेज निवडायचा सल्ला मागायला जायचं, अशी आमच्या महाडात रीत होती. हसायचं तर खुशाल हसा, आधी मीही हसलो होतो. आता माझ्याकडे लोक नातवंडं घेऊन येतात. 'तुम्ही एवढे इंजिनियर, सांगा, पोराला कुठं घालू?' म्हणून विचारतात. नातू बिचारा कोपऱ्यात उभा, आणि आजोबांचं तोंड थांबत नाही. मी म्हणतो, 'आजोबा, तुम्ही जरा गप्प बसा, त्याला बोलू द्या.' त्यांना राग येतो. येऊ दे! मला ज्यांनी हे शिकवलं त्यांच्यावर अख्खं गाव रागावलं होतं, आणि त्यांचं कुणीही काही वाकडं करू शकलं नाही.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्या पुतण्यांना चारचौघांत काकांचं नाव निघालेलं खपत नाही. तशी नावाची गरजही नव्हती, सगळा तालुका त्यांना 'अर्जवाले' म्हणायचा. कचेरीच्या आवारात चिंचेखाली एक लाकडी खोकं पालथं घालून ते बसत आणि येईल त्याचा अर्ज लिहून देत. बसत ते कचेरीकडे पाठ करून. मामलेदारांनी एकदा विचारलं, 'हे काय हो?' तर म्हणाले, 'साहेब, न्याय समोर दिसायला लागला की हात कापतो आणि अक्षर बिघडतं.' मामलेदार हसले की रागावले ते कुणाला कळलं नाही, पण खोकं काही फिरलं नाही.

अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला कोट, बगलेत छत्री, दाढेखाली लवंग. ते सगळ्यांना अहो-जाहो करत. मामलेदाराला अहो, पट्टेवाल्याला अहो, डोंगरातून अनवाणी आलेल्या कातकऱ्यालाही अहो. आम्हा पोरांवर चिडले की म्हणत, 'अहो गाढव, इकडे या!' आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी मानानं हाक मारली ती अशी. तळ्याच्या पाण्यावरून महाडात वातावरण तापलं तेव्हा ज्यांचे अर्ज कुणी लिहायला तयार नव्हतं त्यांचे यांनी लिहिले. गावातल्या निम्म्या घरांनी यांना चहा द्यायचं बंद केलं. हे म्हणाले, 'बरं झालं, गुळचट चहा पिऊन पिऊन पोट बिघडलं होतं.'

जूनच्या आसपास मॅट्रिकचे निकाल लागले की चिंचेखाली वेगळीच गर्दी जमायची. कॉलेजच्या अर्जाला इंग्रजी चांगलं लागतं आणि यांचं इंग्रजी चार कॉलेजांनी मिळून तासलेलं. पण अर्ज सुखासुखी मिळत नसे. दौत उघडायच्या आधी ते एकच प्रश्न विचारत, 'कॉलेज निवडलं कुणी?'

एकदा एक वकील मुलाला घेऊन आले. अर्जवाल्यांनी मुलाला विचारलं, उत्तर वकिलांनी दिलं. दुसरं विचारलं, तेही वकिलांनीच दिलं. यांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, 'वकीलसाहेब, साक्षीदाराला शिकवू नका.' सगळं आवार हसलं. वकील तणतणत निघून गेले, आणि चार दिवसांनी मुलगा एकटाच आला. त्याचा अर्ज मात्र यांनी असा लिहिला की कॉलेजातून उलट टपाली उत्तर आलं.

हेच कॉलेज का, असं विचारल्यावर दुसरा एक म्हणाला, 'तिथं माझा आतेभाऊ आहे.'

'मग आतेभावाचाच अर्ज लिहितो. तुमचा कशाला?'

तिसऱ्याने सांगितलं की त्या कॉलेजचं नाव मोठं आहे. त्यावर म्हणाले, 'नाव काय तुम्हाला ताटात वाढणार आहे? अहो, कॉलेज म्हणजे सासर. मुलगी देताना शहाणा माणूस सासूला विचारत नाही, शेजारणीला विचारतो. प्रिन्सिपॉलला काय विचारता? तो चांगलंच सांगणार. शिपायाला विचारा. खानावळीतल्या आचाऱ्याला विचारा. पास झालेल्यांची नावं भिंतीवर लिहिलेली असतात, नापास झालेले कुठं गेले ते विचारा. आणि पंगतीला कोण कुठं बसतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.' अशी उलटतपासणी करायला त्यांनी कितीतरी पोरांना पुण्याला आणि मुंबईला पिटाळलं. एकजण परत येऊन म्हणाला, 'लायब्ररी मोठी आहे, पण पुस्तकांची जोडलेली पानं अजून कापलेलीच नाहीत.' हे ताडकन म्हणाले, 'म्हणजे मास्तरांनीसुद्धा वाचलेली नाहीत. पुढचं कॉलेज!'

स्वतः चार कॉलेजं का सोडली, हे ते दर खेपेला निराळं सांगत. पहिलं जेवणावरून, दुसरं भांडणावरून, तिसरं प्रेमावरून, पण कुणाच्या प्रेमावरून ते विचारायची सोय नव्हती. चौथं का सोडलं ते आपल्यालाच आठवत नाही म्हणत. मला ते गमतीचंच वाटायचं.

आता माझं सांगतो. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या अंगाला. बाप कुणबी, दोन खाचरं आणि डोंगरावर नाचणीचा तुकडा. महाडात मामाकडे राहून मी मॅट्रिक झालो, वाडीतला पहिलाच. आमच्या वाडीचे पंचवीस-तीस बाप्ये मुंबईला गिरणीत. परळला गावाची एक खोली होती, तिच्यात सगळे पाळीपाळीनं झोपायचे. त्या खोलीत अक्षर ओळखणारा एकही नव्हता. पत्र आलं की खालच्या दुकानदाराकडे जायचं, त्याचं तोंड बघायचं, आणि बायकोनं घरून काय कळवलंय ते परक्याच्या तोंडून ऐकायचं. माझे थोरले काका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते आणि गावकीचे म्होरके; पेरणी-लावणीला रजा काढून गावी येत. त्यांनी ठरवलं, पोरगा खोलीत राहील, खोलीजवळच्या कॉलेजात जाईल, संध्याकाळी सगळ्यांची पत्रं लिहील आणि बीए झाला की गिरणीच्या हापिसात लागेल. वाईट माणूस नव्हते काका. आजही मी त्यांना वाईट म्हणत नाही.

पण मला बीए व्हायचं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात वरची दरड सुटून काकांचाच गोठा दोन बैलांसकट गाडला गेला होता. सगळे म्हणाले, देवी कोपली. मी मात्र आठ दिवस त्या चिखलात फिरत होतो. वरची माती एकीकडे, खालचा कातळ दुसरीकडे, मधून पाणी वाहतंय. हे असं का होतं ते कुणीतरी शिकवत असेल, असं मला वाटायचं. शाळेतले मास्तर म्हणाले, त्याला सायन्स लागतं, मग इंजिनियरिंग, आणि ते पुण्याला. खोलीजवळच्या कॉलेजात सायन्स नव्हतं.

मी घरी पुण्याचं नाव काढलं. काका म्हणाले, 'पुन्याला आपलं कोन हाय? मेलास तर पानी पाजाया कुत्रं नाय.' वाद वाढला तसा कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे पेरणी, लग्न, नवी विहीर, काहीही देवीला विचारल्याशिवाय होत नसे. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायचा, उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, 'उजवी मुंबई, डावी पुनं.' उजवी पडली. विषय संपला. कौल मोडणाऱ्याचं घर वाळीत पडतं, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

मी रडवेला होऊन मुंबईचा अर्ज लिहून घ्यायला चिंचेखाली गेलो.

'कॉलेज निवडलं कुणी?'

'देवीनं.'

मला वाटलं, हे आता हसतील. ते हसले नाहीत. लवंग या दाढेखालून त्या दाढेखाली नेली आणि म्हणाले, 'देवीला काय विचारलंत? शब्दन् शब्द सांगा.'

मी सांगितलं.

'गाव विचारलंत. काय शिकायचं ते विचारलंत का?'

'नाय.'

'दरडीचं सांगितलंत? त्या कॉलेजात सायन्स नाही, हे सांगितलंत?'

'नाय.'

'अहो गाढव, मग हा अर्ज अपुरा आहे! अपुऱ्या अर्जावर मामलेदारसुद्धा निकाल देत नाही, तुम्ही देवीकडून घेतलात? चला.'

खोकं पट्टेवाल्याच्या हवाली करून ते उठले. पोलादपूरपर्यंत मोटार, पुढे डोंगर. चढणीवर त्यांना दम लागत होता, पण छत्री टेकत चालत होते. एका आंब्याखाली टेकलो तेव्हा आपण होऊनच बोलले, 'लोकांना मी काहीबाही सांगतो. खरं ऐका. पहिलं कॉलेज वडिलांनी निवडलं. दुसरं थोरल्या भावानं. तिसरं सासऱ्यांनी, चौथं वडिलांच्या मित्रानं. मला वैद्यकी शिकायची होती. मी कुणालाच नाही म्हणालो नाही. नुसता पळून येत राहिलो.' एवढं बोलून त्यांनी कपाळ पुसलं आणि पुढे चालू लागले. त्या दिवसापासून त्यांच्या चार कॉलेजांवर मी कधी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे गावकी बसली. काका म्हणाले, 'देवीचा कौल एकदा झाला. पुन्यांदा कशाला?'

'कौल झाला, पण हकीगत पुरी सांगितली नव्हती,' अर्जवाले म्हणाले. 'मी लेखी आणली आहे. देवीनं पुन्हा मुंबईच म्हटलं तर इथंच बसून मुंबईचा अर्ज लिहितो. माझा शब्द.'

गावकीला लेखी गोष्टीचा धाक असतो. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. अर्जवाल्यांनी जोडे काढले, देवीपुढे उभे राहिले आणि कचेरीत वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचायला लागले. 'श्री ग्रामदेवी यांचे हुजुरात. विनंती अर्ज ऐसा जे, अर्जदाराचा मुलगा मॅट्रिक झाला आहे. मागील खेपेस आपणांस फक्त गाव विचारले, विषय विचारला नाही, ही चूक आमची. मुलास दरड का कोसळते हे शिकण्याची इच्छा आहे. सदर विषय मुंबईस खोलीजवळील कॉलेजात शिकवीत नाहीत, पुण्यास शिकवितात. मुंबईस खोलीतील मंडळींस पत्र लिहिणारा नाही, ही त्यांची अडचणही खरी आहे. तरी सर्व हकीगत ध्यानी घेऊन फेरविचार व्हावा.'

खोलीची अडचण त्यांनी लिहिली होती, हे ऐकून काकांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. विरुद्ध बाजूची गोष्ट गाळायची नाही, हा त्यांचा धंद्यातला नेम होता.

गुरवानं कळ्या लावल्या. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी कळी सुटली आणि खाली पडली.

मुंबई.

काका उठले. 'झालं समाधान? आता लिवा कागुद.'

अर्जवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांना खरोखर वाटलं होतं की नीट विचारलं तर नीट उत्तर येतं. पण माणूस शब्दाचा. देवीला नमस्कार केला, ओट्यावर बसले आणि मुंबईचा अर्ज लिहिला. सुंदर लिहिला, हातचं काही राखलं नाही. शाई वाळवली आणि कागद माझ्यापुढे धरला.

'शब्द पाळला. आता सही अर्जदाराची. अहो, वाचा, आणि पटलं तर सही करा. नाही पटलं तर देवी काही हात धरून सही करून घेत नाही.'

देवळापुढे असं बोलणं! गुरव कानावर हात ठेवून 'शिव शिव' करायला लागला. दोन जण उठून अंगावर आले. हे छत्री मांडीवर घेऊन बसलेले, जागचे हलले नाहीत.

मी कागद वाचला. टाक हातात घेतला. आणि मग खाली ठेवला. 'मी सही करनार नाय,' म्हणालो.

'का रे?' काका गरजले.

'मला डोंगर शिकायचाय.'

'डोंगर शिकाया पुन्याला? हितं काय कमी हायत?' लोक हसले.

'काका, तुमचा गोठा कशानं गेला, सांगा.'

'देवी कोपली म्हनून.'

'मग औंदा बी कोपंल. आनि गोठ्याखाली आता आपली घरं हायत. मला कळून घ्यायचंय.'

कुणी हसलं नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसलं, पण म्होरकेपण सोडवेना. म्हणाले, 'जा. पन कौल मोडून गेलास तर तुज्या बापाचं घर वाळीत. इस्तव नाय, पानी नाय, लावनीला मानूस नाय.'

आता सगळं माझ्यावरून उतरून बापावर आलं. अर्जवाल्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, 'हा मी लिहिणार नाही. तुमचा तुम्ही लिहा.' मी तिथंच देवळाच्या पायरीवर बसून पुण्याचा अर्ज लिहिला. दोन ठिकाणी इंग्रजी चुकलं. त्यांनी बघितलं, पण दुरुस्त केलं नाही. खाली पालकाची सही लागत होती.

बाप सकाळपासून खांबाला टेकून उभा होता. साधा, भिडस्त माणूस. थोरल्या भावापुढे त्यानं कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. तो पुढं आला, देवीकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, 'आये, तू माजी बी हायस. राग आला तर माज्यावर काढ, पोरावर नको.' मग आमच्याकडे वळून म्हणाला, 'अंगठा कुटं लावू?'

मी पुण्याला गेलो. कॉलेज काही स्वर्ग नव्हतं. पंगतीला आम्हा दोघा-तिघांना शेवटी बसवत, गणिताचे प्रोफेसर आम्हाला डोंगरचे उंदीर म्हणत. मी सोडलं नाही. कितीदा वाटलं, पण दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागाच नव्हती ना! महिन्यातल्या एका सुट्टीला मी परळच्या खोलीवर जाई, सगळ्यांची पत्रं वाचून दाखवी आणि उत्तरं लिहून देई. ही युक्ती अर्जवाल्यांची. काकांनी पहिले सहा महिने एकही लिहून घेतलं नाही, बाकीच्यांनी चोरून लिहून घेतली.

आणि इकडे आमचं घर वाळीत. आईला पाणी खालच्या ओढ्यावरून आणावं लागे. वाडीत कुणी बोलेना. आषाढात लावणी आली. लावणीला एकमेकांकडे जायचं ही रीत, पण आमच्या खाचरात आई आणि बाप दोघंच, आवण, म्हणजे लावायची भाताची रोपं, पिवळं पडायला लागलेलं. हे अर्जवाल्यांच्या कानावर गेलं, आणि जन्मात चिखलात पाय न घातलेला तो माणूस छत्री घेऊन भर पावसात आमच्या वाडीवर हजर झाला. पुढचं मी दिवाळीत आईच्या तोंडून ऐकलं. सांगताना तिला हसूही येत होतं आणि रडूही.

कोट काढून बांधावर ठेवला, धोतर गुडघ्याच्या वर खोवलं आणि उतरले चिखलात. बापानं नको नको म्हटलं. ऐकतात कुठं? लावायला लागले. ओळ म्हणून सरळ नाही. एक रोप इथं, दुसरं हातभर लांब, तिसरं आडवं. दोनदा स्वतःच बसले चिखलात. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. खाचर असं दिसायला लागलं की बघणाऱ्याला भोवळ यावी. मुद्दाम वाकडं लावलं का, असं मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी खरं सांगितलं नसतं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाचरात काकांकडची लावणी चालली होती. आमची काकू, वाडीत लावणीची पहिली ओळ धरणारी बाई, दोन दिवस हे बघत होती. दुपारी तिला असह्य झालं. हातातली आवणाची पेंडी घेऊन ती तरातरा बांध ओलांडून आमच्या खाचरात उतरली.

'व्हा बाजूला! कागुद लिवल्यावानी लावनी व्हत नाय. जमिनीची इज्जत काढलीत नुसती. उटा!'

अर्जवाले मुकाट्यानं बांधावर जाऊन उभे राहिले. काकूनं त्यांची सगळी रोपं उपटली आणि पहिल्यापासून ओळ धरली. तिच्या मागून तिची सून आली. मग आणखी दोघी आल्या. आई म्हणाली, मला रोप दिसंना, डोळं भरून आलं हुतं.

वरच्या बांधावरून काका ओरडले, 'काय गो, वाळीतल्या शेतात उतरलीस? कुनाला इचारून?'

काकूनं मानही वर केली नाही. पुढचं रोप चिखलात खोचलं आणि म्हणाली, 'माजं मलाच इचारलं.'